सोळा नंबरचं पोर्ट

"गोदामाचं नेटवर्क अर्धा दिवस बंद होतं," समोरच्या मॅडम म्हणाल्या. "चूक कोणाची, ते सांग."

तिला हायसं वाटलं. असा काहीतरी प्रश्न येणार हे ठाऊकच होतं. कंपनीने वर्षभर तिला या खात्यातून त्या खात्यात फिरवलं होतं. आधी तारा ओढणाऱ्यांकडे, मग नेटवर्कच्या वाटा आखणाऱ्यांकडे, शेवटी पहारा ठेवणाऱ्या सुरक्षा खात्यात. कुठे जरा हात बसला की उचलबांगडी. आता ही शेवटची मुलाखत. जमली तर नोकरी कायम, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

टेबलापलीकडे तिघं बसली होती. सुरक्षा खात्याच्या मॅडम, तारांच्या खात्याचे प्रमुख, ज्यांना सगळे काकाच म्हणत, आणि एचआरचा हसरा माणूस. मुलाखतीच्या तयारीचा वर्ग यानेच घेतला होता. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही, चूक आपल्या अंगावर घ्यायची, हे त्याने पोरांकडून अक्षरशः घोकून घेतलं होतं. आणि उत्तराआधी एक प्रश्न विचारायचा, म्हणजे माणूस विचारी दिसतो.

"नेमकं काय झालं होतं, मॅडम?" तिने विचारी दिसत विचारलं.

"गोदामातल्या स्विचच्या सोळा नंबरच्या पोर्टात कोणीतरी तार खोचली. नोंद केली नाही. पुढे आमच्या खात्याने नोंद नसलेली सगळी पोर्टं बंद केली, त्यात तेही गेलं. निम्मं गोदाम त्याच तारेवर चालत होतं. मालाचे ट्रक दारात उभे राहिले. पण आम्ही नियमानेच वागलो."

"आणि त्या तारेनेच आम्ही अडलेलं काम सुरू करून दिलं होतं," काका म्हणाले. "मग चूक कोणाची?"

तिला निळी तार आठवली. ती स्वतः शिडीवर, खाली ठेकेदाराचा वायरमन शिडी धरून, आणि गोदामातली माणसं आवरा, आवरा करत होती. स्विचच्या पेटीतलं जे भोक रिकामं दिसलं, त्या सोळा नंबरमध्ये तिने तार खोचली होती. नोंदीचं कोणीतरी मोठं माणूस बघेल, असं तिला वाटलं होतं. त्यानंतर कित्येक महिन्यांनी, सुरक्षा खात्यात, गार खोलीत बसून तिने एकामागून एक पोर्टं बंद केली होती. पडद्यावर नुसते आकडे होते. सोळा आला तेव्हा शिडी काही आठवली नाही.

दोन्ही वेळा तिला शाबासकी मिळाली होती.

"बंद कोणी केलं ते कळलं नाही?" तिने विचारलं. आता ती विचारी दिसण्यासाठी विचारत नव्हती.

"शिकाऊ पोरांना मिळून एकच लॉगिन. कसं कळणार?"

"आणि तार कोणी लावली?"

"ठेकेदाराचा वायरमन असणार," मॅडम म्हणाल्या. "काढून टाकला त्याला."

खरं सांगितलं तर आपली नोकरी जाणार, गप्प बसलं तर त्या माणसाची गेलेलीच आहे. बरं, खरं म्हणजे तरी काय सांगायचं? तार लावली ती चूक, की बंद केली ती? तिचं तिलाच काही उमजेना. ती घाबरली होती, आणि तिला स्वतःची लाजही वाटत होती.

"चूक माझी," ती म्हणाली.

एचआरवाल्याची कळी खुलली. "वा! बघितलंत? सकाळपासून जो तो दुसऱ्या खात्याच्या नावाने खडे फोडत होता."

"नाही सर, खरंच माझी. तार मी लावली. निळी होती. आणि पोर्टही मीच बंद केलं."

"दोन्हीकडचं अंगावर घेतलंस की गं!" मॅडम हसल्या. "हुशार आहेस."

"तो वायरमन नुसता शिडी धरून उभा होता, मॅडम. त्याला परत घ्या ना."

"किती मनापासून बोलते," एचआरवाला म्हणाला आणि भराभर लिहू लागला.

काका तेवढे हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी तिला आणि वायरमनला शिडी देऊन गोदामात त्यांनीच पाठवलं होतं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"बस झालं, बाळा," ते म्हणाले. "ती फाइल बंद झालीय. तू कायम झालीस, जा."

बाहेर येऊन ती बाकावर बसली. आनंद व्हायला हवा होता. घरी फोन करावा म्हणून तिने मोबाइल काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला. पुढचा नंबर तिच्याच तुकडीतल्या चष्मिसचा होता. तो घामाघूम होऊन तिच्याजवळ सरकला.

"काय विचारतायत गं?"

"चूक कोणाची म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"माझी म्हणाले."

"आणि?"

"घेतलं मला."

त्याच्या जिवात जीव आला. त्याने कॉलर नीट केली, चष्मा पुसला आणि ओठातल्या ओठात घोकत दाराकडे निघाला, "चूक माझी, चूक माझी." दाराशी पोचल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखा तो मागे वळला.

"पण कसली चूक, तेही सांगावं लागतं का गं?"