मुंबईचं ओके

"अठ्ठावन," महिपत दारातूनच म्हणाला. "मगाशी पंचावन होता. बाय, टाकीला हात लावता येत नाय."

पद्मजाने आकडा कागदावर उतरवला. अक्षर वाकडं आलं. तीन नंबरच्या टाकीतलं रसायन साठ अंशांच्या पुढे गेलं की आपोआप तापत जातं आणि मग ते कुणालाच आवरत नाही, हे कोकणातल्या लोटे गावच्या त्या कारखान्यात तिच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक नव्हतं. प्रयोगशाळेत तिनेच ते एका परीक्षानळीत तपासलं होतं. नळी फुटली होती. टाकीत बारा टन होतं.

"भोंगा वाजवा," महिपत म्हणाला. टाकीला लागूनच पिंपं भरायची शेड होती. तिथे त्याची बायको हौसा आणि आणखी तीसेक बायका कामाला होत्या. हौसा रोज कंपनीच्या बसमध्ये पद्मजासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवायची.

"भोंगा असा वाजवता येत नाही रे," पाळीप्रमुख आप्पा म्हणाले.

मागच्या वर्षी तो उगाच वाजला होता. आसपासची तीन गावं घाटाकडे पळाली, त्या धावपळीत एक म्हातारा पडून दगावला आणि वाजवणाऱ्याला कंपनीने घरी बसवलं. तेव्हापासून मुंबईच्या कचेरीने होकार दिल्याशिवाय भोंग्याला हात लावायचा नाही, असा नियम झाला होता. आप्पांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"फोन लागला का?" पद्मजाने विचारलं.

"कसला लागतोय! एक्स्चेंजवाला म्हणतो, मुंबईची लाइन सकाळपासून बंद आहे. पण आपली पेटी आहे ना. फोन रुसला तरी ती रुसत नाही."

पेटी म्हणजे मोडेम. संगणकावर लिहिलेला मजकूर टेलिफोनच्या तारेवरून मुंबईच्या संगणकावर पोचवणारी, जाडजूड पुस्तकाएवढी वस्तू. महिन्यापूर्वीच आली होती. ती चालवणारी हेमा बाळंतपणाला माहेरी राजापूरला गेली, म्हणून आज पद्मजाला प्रयोगशाळेतून इथे आप्पांच्या खोलीत आणून बसवलं होतं. पेटीवर हेमाच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. 'एटी लिहा. ओके आलं पाहिजे.'

"एटी म्हणजे अटेन्शन," आप्पांनी सकाळीच समजावलं होतं. "सावधान! पलीकडचा माणूस खडबडून जागा होतो. आपण काय ते लिहायचं, खाली एटी ठोकायचं, की तो ओके देतो."

नऊ वाजता वीज गेली होती. दहा मिनिटांनी आली, पेटीचा लाल दिवा पुन्हा लागला आणि तेव्हापासून पद्मजाने चार वेळा विचारलं होतं. बावन्न अंश, काम चालू ठेवू? एटी. ओके. पंचावन्न, चालू ठेवू? एटी. ओके. बोट कळीवरून उठायच्या आत उत्तर यायचं. पलीकडचा माणूस फार तरबेज असावा.

आता तिने लिहिलं, 'अठ्ठावन्न. भोंगा न वाजवता नुसतं पाणी मारत राहू?' पडदा गप्प राहिला. तिने खाली एटी लिहिलं.

ओके.

"बघ," आप्पांनी उपरण्याने मान पुसली. "तिथे मोठे मोठे इंजिनिअर बसलेत. ते काय वेडे आहेत?"

"तुमचा इंजनेर हकडं येऊन टाकीला पाठ लावून बसल काय?"

"महिपत!"

"नाय, इचारतंव आपला." तो जागचा हलला नाही. त्याच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं. "बाय, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. हौशीला भायेर काढू काय?"

पद्मजाने पडद्याकडे पाहिलं.

"ओके आलंय, महिपत," ती म्हणाली. "जा. पाणी मारत राहा."

तो गेला. खिडकीतून शेड दिसत होती. हौसा पिंपाला झाकण बसवत होती आणि शेजारणीला काहीतरी सांगून हसत होती. तिच्यामागे टाकीवर पडणाऱ्या पाण्याची वाफ होत होती.

"एकूणसाठ!" महिपत खालून ओरडला.

पद्मजाने पडदा वरून खालपर्यंत पुन्हा वाचला. प्रयोगशाळेत निकालावर विश्वास बसेनासा झाला, की ती एक गोष्ट करायची. तीच चाचणी ती साध्या पाण्यावर करून बघायची. पाण्यालाही तोच रंग आला, तर आधीचा कुठलाच निकाल धरायचा नाही.

"आप्पा, एकदा पाणी तपासून बघते."

"आत्ता? कसलं पाणी, अगो?"

तिने लिहिलं, 'टाकी फुटली. आम्ही सगळे मेलो.' खाली लिहिलं एटी.

बोट कळीवरून उठायच्या आत, मुंबईला न विचारताच, पेटीने उत्तर दिलं.

ओके.