दिलेला वजीर

अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, सकाळपासून फोन उचलत नव्हता. ओमानमधल्या कुरुममध्ये, बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर गाडीत बसून सदानंद जिवाच्या आकांतानं पुन्हा पुन्हा नंबर लावत होता. तेवढ्यात त्याची लेक संघमित्रा दार उघडून आत बसली आणि रडायलाच लागली. जिंकत आलेला डाव हरली होती.

"वर्षभर मोबाइलवर कोडी सोडवतेस ना? मग वजीर फुकट कसा दिलास?" तो तिच्यावरच उखडला.

"पप्पा, पझलमध्ये क्वीन दिली की नेहमी विन होतं!"

"अगं, जिथं जमलं त्याच डावांची कोडी करतात. जिथं फसलं, त्याचं कोडं कोण करेल?"

बोलता बोलता तो थबकला. हातातला मोबाइल थरथरला. अर्बाबचा मेसेज होता : "राजीनामा मंजूर. खलास."

राजीनामा टेबलावर ठेव, अर्बाब घाबरून प्रमोशन देतो, असं ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं. प्रत्येकाचं जमलं होतं.

ज्यांचं फसलं, ते सांगायला ओमानमध्ये उरलेच नव्हते.