कुंदाचा चेहरा

‘‘कोकमाचं मुठेल टाचांच्या भेगांना लावावं, कुंदा. रूपासाठी नव्हे,’’ असं सासूबाई सांगायच्या. पण पुतणीच्या लग्नात कुंदाने कोकमाच्या बियांच्या त्याच घट्ट तेलापासून बनवलेला, बाजारात आलेला नवा अर्क तोंडाला लावला आणि पन्नाशीची कातडी रातोरात विशीची झाली.

सासूबाईंना आता काही आठवत नसे. त्या फक्त कुंदाला ओळखत, तिच्याच हातचं खात. कालपासून त्या उपाशी होत्या. कुंदाने तोंड घासघासून धुतलं, पण चेहरा विशीचाच राहिला.

‘‘पेज घ्या ना, आई.’’

‘‘आवाज तिचा काढतेस होय गं, नटवे? माझ्या सुनेला बोलाव.’’

‘‘आणते हं तिला.’’

अर्काचा परिणाम कडक उन्हानेच उतरतो, असं डबीवर लिहिलं होतं. कुंदाने पेज झाकली, डोक्यावरचा पदर काढला आणि ती भर दुपारी अंगणात उतरली.