पर्स रिकामी देऊ नये

"दीदी, इतनी अच्छी पर्स मालकिन बेच क्यों रही है?" शंकर नगरची गिऱ्हाईक बाई फोनवर विचारत होती.

"उनको अब ज़रूरत नहीं," पूर्णिमा म्हणाली. "ओरिजिनल है, बेफिकर रहिए."

सौदा ठरला. बारावी पर्स. चौबे कॉलोनीतल्या घरातून मोबाइलवर चालणाऱ्या जुन्या महागड्या पर्सांच्या दुकानातला हा शेवटचा नग.

सासूबाई, म्हणजे सरलाबाई, बाजूलाच चष्मा पुसत बसल्या होत्या. "गेली का हीही?"

"हो आई. संध्याकाळी कुरिअरवाला येईल."

"थांब मग. तशीच नको बांधू."

रिकामी पर्स कुणाला देऊ नये, हा बाईंचा नियम. पहिल्या पर्समध्ये त्यांनी एका चिठ्ठीसोबत हळदकुंकू लावलेला रुपया टाकला होता. अस्तर पिवळंधम्मक झालं आणि गिऱ्हाइकाने अशी बोंब मारली की विचारू नका. तेव्हापासून नुसता रुपया, चिठ्ठीत गुंडाळलेला. चिठ्ठी दर वेळी तीच: 'गंधाली, बाबा गेले. आता घरात रागवायला कोणी नाही. परत ये. आई.'

गंधाली ही पूर्णिमाची नणंद. चार वर्षांपूर्वी बापाशी भांडून घरातून निघाली, ती गेलीच. फोन नाही, पत्ता नाही. पोट्टीला पर्सांचं भारी वेड. एवढ्या पर्सा गावोगाव जातात, एखादी फिरत फिरत तिच्या हाती पडेलच, असं सरलाबाईंचं म्हणणं. वेडी आशा, दुसरं काय! पण आईला कोण समजावणार?

"ज्या बाईच्या ह्या पर्सा, तिची पसंती मोठी सुरेख आहे," कातड्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "आपल्या गंधालीसारखी. नवीन माल कधी येऊन राहिला?"

"आता नाही येणार, आई."

"काहून? सुशीलले सांग ना. मागे त्यानंच दोन सुटकेसा भरून आणल्या होत्या."

आणल्या होत्या खऱ्या. गेल्या वर्षी पूर्णिमाचा नवरा सुशील दौऱ्यावर म्हणून गेला, तो दोन सुटकेसा आणि सफाचट डोकं घेऊन परतला. येताना तिरुपती केलं म्हणाला. प्रसादाचा लाडू मात्र विसरला, म्हणून आईने पोराला चार दिवस फैलावर घेतलं. एवढ्या पर्सा कशाला रे, असं विचारलं तेव्हा म्हणाला, पूर्णिमा धंदा करणार आहे. पूर्णिमालाही ते तेव्हाच कळलं.

"मालच नाही आला," सरलाबाईंचा आवाज बारीक झाला, "तर तिले निरोप कसा जाईन?"

पूर्णिमाने कुरिअरचा खोका पुढे ओढला. "बघू," ती म्हणाली.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, रुपयाला गुंडाळून आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली आणि पर्सला हात जोडले. "ही पोचते पाहजो," त्या म्हणाल्या. "मले वाटून राहिलं." मग त्या देवाजवळ दिवा लावायला गेल्या.

पूर्णिमाने खोलीचं दार लोटलं. चेन उघडून चिठ्ठी काढून घेतली, रुपया तेवढा पर्समध्ये राहू दिला. पलंगाखालची सुटकेस ओढली. आतला एक कागद उचलला. त्याखाली अकरा चिठ्ठ्या होत्या. बारावी तिने त्यांच्यावर ठेवली आणि तो कागद पुन्हा वरून झाकला, सुशीलने गंधालीच्या पर्सांसोबत आणलेला तिचा मृत्यूचा दाखला.