ओली दहा मिनिटं

"मावशी, टेबल कोरडं करा. पेशंट दारात आलीये."

"चारच मिनिटं झालीत, सिस्टर. दहा मिनिटं औषध ओलं राहिलं तरच जंतू मरतात."

"गेल्या सोमवारी बरं पटकन आवरलंत! आज काय मुहूर्त बघताय?"

मावशीचा चेहरा उतरला. सोमवारी अशाच घाईत तिने चौथ्या मिनिटाला ऑपरेशनचं टेबल कोरडं पुसलं होतं. त्यावर सिझर झालेल्या पोरीचे टाके चिघळले. का, ते कुणालाच कळलं नव्हतं. पोर अजून तापाने फणफणतेय. ड्युटी संपली की मावशीच तिच्या बाळाला वाटी-चमच्याने दूध पाजते, आणि ते तिचं बोट घट्ट धरून झोपतं.

डॉक्टर आत आले. "कोणामुळे थांबलंय?"

"माझ्यामुळे, साहेब. अजून सहा मिनिटं." मग घड्याळावरची नजर काढून ती हळूच म्हणाली, "त्या पोरीचे टाकेही... माझ्यामुळेच."