लहान सुट्टी

मुख्याध्यापक बिराजदार सरांनी मोबाइल टेबलावर आडवा ठेवला आणि पूनमच्या आबांकडं, बिरुदेवकडं सरकवला. "बघा, तुमच्या पोरीचे उद्योग."

बिरुदेव चप्पल दारात काढून आत आला होता. मेंढरं भावकीतल्या एकाच्या भरवशावर टाकून यावं लागलं, म्हणून आधीच तापलेला. वाटेत त्यानं पूनमला बजावलं होतं, "सर म्हणतील तसं करायचं. न्हाईतर मोबाइल हिरीत."

व्हिडिओ सुरू झाला. ठोकळ्याठोकळ्यांची शाळा दिसली. हीच शाळा. झेंड्याचा खांब, बंद पडलेला हातपंप, कंपाउंडच्या भिंतीला पडलेलं भगदाड, त्याच्या पलीकडं वेडी बाभळ. दहावीतल्या पूनमनं गेममध्ये ती बांधली होती, आणि व्हिडिओत तिचाच आवाज होता.

"चला मंडळी, लहान सुट्टी झाली. ह्या पोरीला मुतारीला न्यायचं आन बेलच्या आत वर्गात आणायचं. बघू कुणाला जमतंय!"

ठोकळ्यांची मुलगी मुलींच्या मुतारीकडं पळाली. दाराला कुलूप. मग भगदाडातून बाभळीकडं. तिथं रस्त्यावर मोटारसायकलवर एक माणूस थांबलेला. तो माणूस जाईपर्यंत ती भिंतीआड थांबली. परत येईस्तोवर बेल झाली. पडद्यावर लाल अक्षरं आली : हरलात.

"गावातली पोरं सोडा, संस्थेच्या अध्यक्षांचा नातू सोलापुरात बसून हे खेळतोय," सर म्हणाले. "मला फोन आला त्यांचा. शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडली हिनं. दहावीचं वर्ष आहे. हे कुठल्या विषयात बसतं, सांग बघू?"

पूनमनं गप्पच राहायचं ठरवलं होतं. पण सरांनी विचारलं होतं.

"सगळ्यांतच बसतं, सर," ती म्हणाली. "मैदान आम्ही मेंढराच्या दाव्यानं मोजलं. एका दाव्याला एक ठोकळा."

"प्रमाण बरोबर आहे," खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेख बाई म्हणाल्या. त्या गणित शिकवायच्या. "मी तपासलंय, सर."

सरांनी त्यांच्याकडं बघितलं. बाईंनी मान खाली घातली, पण शब्द मागं घेतले नाहीत.

"विज्ञानाच्या पुस्तकात आहे, भरपूर पाणी प्यावं," पूनम म्हणाली. "आमच्या वर्गातल्या मुली शाळा सुटेपर्यंत घोटभरसुद्धा पीत नाहीत. आणि नागरिकशास्त्र तर तुम्हीच शिकवता."

"बोलायला बरी शिकलीस!"

"व्हिडिओ करूनच शिकले, सर. पहिल्यांदा रेकॉर्डिंग लावलं, तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता."

सर खुर्चीतून उठले. "आत्ताच्या आत्ता डिलीट कर. माझ्यासमोर. तोंडी परीक्षेचे मार्क कुणाच्या हातात असतात, ठाऊक आहे ना? बिरुदेव, सांगा हिला."

बिरुदेवनं मोबाइल उचलला. आता तो फुटणार, असंच पूनमला वाटलं. पण आबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि तिच्यापुढं धरला. "ह्ये चालवायचं कसं? दाव."

तिनं गेम उघडून दिला. आबांचा राठ अंगठा काचेवर नीट बसेना. ठोकळ्यांची मुलगी भिंतीवर आपटली, हातपंपाभोवती घुमली, शेवटी मुतारीच्या दारात जाऊन उभी राहिली. आबा अंगठा दाबत राहिले.

"उगडंना की. चावी कुटं हाय?"

"गेममधी न्हाय, आबा."

त्यांनी मान वर केली. तिच्याकडं बघितलं, मग सरांकडं.

"तपासणी असते, म्हणून कुलूप," सर म्हणाले. "पाहुणे येतात. मुली घाण करतात, पाण्याची अडचण आहे. तुम्हाला नाही कळायचं ते."

आबांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते पूनमला म्हणाले, "म्हनून व्हय गं? सकाळी आय पान्याचा तांब्या घिऊन तुज्या मागं लागती, आन तू तोंड लावत न्हाईस, ते म्हनून?"

आबांनी मोबाइल तिच्या हातात दिला. "तुजं तू बघ," म्हणाले आणि चपला घालायला दाराकडं गेले.

"डिलीट नाही करणार, सर," पूनम म्हणाली. "मार्क कापा."

तेवढ्यात लहान सुट्टीची बेल झाली. पूनम ऑफिसातून बाहेर आली तेव्हा वर्गातल्या मुली रोजच्याप्रमाणं भगदाडाकडं निघाल्या होत्या. तिनं तिच्या वर्गातल्या सुकन्याचा हात धरला. "तिकडं नको. हिकडं चल."

दोघी मुतारीच्या कुलपासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मागं आणखी चौघी आल्या. मग नववीच्या मुली, मग आठवीच्या. भगदाडापर्यंत गेलेल्याही परत फिरल्या. रांग हातपंपाच्या पुढं गेली. व्हरांड्यात शेख बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी कुणाला हाक मारली नाही.

सुट्टी संपल्याची बेल झाली. मुलगे वर्गात गेले. शिपायानं पुन्हा एकदा बेल दिली, या खेपेला जोरात. ऑफिसच्या दारात सर येऊन उभे राहिले.

पाचवीतली एक मुलगी पळत पळत आली आणि रांगेत डोकं घालून विचारू लागली, "ताई, उगडलं का?"

"न्हाय अजून," पूनम म्हणाली. "उभी ऱ्हा."