दाराबाहेरच्या चपला

मिसरोदची छोटी शाळा मोठ्या शाळेत विलीन झाल्यानंतरचा तो पहिला दिवस. कालपर्यंत मुख्याध्यापिका असलेल्या शशिकलाबाई इथे साध्या शिक्षिका होत्या. सवयीप्रमाणे त्यांच्या तेवीस मुलांनी वर्गाबाहेर रांगेत चपला काढल्या, बाईंनीही काढल्या. बूट घालून आत बसलेली मुलं खिदळली, "अरे, ये मंदिर है क्या?" तेवीस माना खाली गेल्या. इथल्या मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "बाई, नियम सगळ्यांना एकच ठेवावा लागेल हो. समजावा त्यांना." बावीस वर्षांत शशिकलाबाईंनी चप्पल घालून वर्गात पाय ठेवला नव्हता. आज त्यांनी मुलांदेखत ती पायात सरकवली. "चलो बच्चो, पहन लो," एवढंच म्हणाल्या. मग आत शिरण्याआधी वाकून त्यांनी दारातल्या फरशीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मागोमाग चप्पल घातलेलं एकेक मूल वाकलं. आत कुणीच हसलं नाही.